विमानाचा दगड

सांगली,
९ डिसेंबर १९४२

श्री. जोतीराम शेलार, मुकादम, मुक्काम माचीवाडी, तालुका पाटण, यांस,

हे पत्र कंपनीच्या सांगलीच्या रसायनशाळेतून आहे. तुमच्या डोंगरमाथ्याच्या सड्यावरून आलेल्या दगडाच्या बारा पिशव्या सोमवारी पोचल्या. त्यांतल्या पाचांवरची शाई ओल लागून पुसली आहे. कोणता दगड कोणत्या खड्ड्यातला हेच कळले नाही, तर तो दळणे, आम्लात उकळणे, गाळणे, जाळणे, सगळी मेहनत वाया. यापुढे नंबर शिसपेन्सिलीने जाड कागदावर लिहावा, तो कागद रिकाम्या काडेपेटीत घालावा आणि काडेपेटी पिशवीच्या आत टाकावी.

एवढी कटकट कशाला असे तुम्हाला वाटेल, म्हणून सांगणे भाग आहे. विमानाचा पत्रा ज्या हलक्या धातूचा होतो तो अल्युमिनियम आजवर आपल्याकडे परदेशातून जहाजाने येत असे. लढाईने ती वाट आता भरवशाची राहिली नाही. घराघरांतली भांडी गोळा करून विमाने होणार नाहीत. ज्या दगडातून हा धातू निघतो तो आपल्याच डोंगरांच्या माथ्यावर पडून आहे, आणि त्यातून धातू काढणारा कारखाना दक्षिणेत उभा राहतो आहे. दगडापासून विमानापर्यंत सगळे काम देशात व्हायचे तर सुरुवात तुमच्या खड्ड्यापासून आहे.

दगडात सिलिका नावाचा वाळूसारखा अंश असतो. तो शंभरात चारच्या वर गेला तर कारखाना दगड घेत नाही. म्हणून नंबर महत्त्वाचा.

उ. चिं. लिमये


माचीवाडी,
२१ डिसेंबर १९४२

मेहेरबान लिमये सायब यांना जोतीराम शेलारचा रामराम.

आपला हुकूम पोचला. काडेपेट्या गोळा केल्या. गावात बिडी वडनारे लय, त्यामुळं त्येची टंचाई न्हाई. ह्या खेपंला चवदा पिशव्या हायत, सगळ्यांत कागद घातलाय.

सायब, तुमी दगडाचं कारन लिवलं ते बरं केलं. आमच्या मॅनेजर सायबानं निस्तं "खना" म्हनून सांगितलं हुतं. मी पलटनीत धा वरीस काढली. तिकडं आफ्रिकेत केरनच्या डोंगरावर तोफंच्या धडाक्यानं डावा कान गेला, मग पेन्शनीत आलो. डोक्यावर आपलं इमान हाय का दुसऱ्याचं, ह्ये बगून मानूस कसा बदलतो ते मी बगितलंय. आता धाकटा भाऊ लालासाहेब त्याच पलटनीत हाय, बर्माच्या अंगाला. गावातली आनखी नऊ पोरं हायत.

तुमचं पत्र मी आईला वाचून दावलं. तिचं नाव राहीबाई. ती म्हनली, आपल्या सड्यावर गवत सोडून काय उगवत न्हाई असं समदी म्हनायची, आन बग, इमान उगवलं.

चळवळीची पोरं एकदा येऊन गेली. इंग्रजाच्या लढाईला दगड का देतोस, म्हनली. मी म्हनलं, लढाई इंग्रजाची असंल, भाऊ माजा हाय.

जोतीराम


सांगली,
१८ जानेवारी १९४३

श्री. जोतीरामभाऊ यांस,

पहिली गोष्ट, मी साहेब नाही. माझे नाव उमा. माझे वडील चिंतामणराव इथे शाळेत मास्तर आहेत. मी रसायनात बी. एस्सी. झाले आणि कंपनीला लढाईमुळे पुरुष मिळाला नाही, म्हणून मला घेतले. आमची रसायनशाळा म्हणजे हळदीचे जुने गोदाम आहे. संध्याकाळी घरी जाते तेव्हा लुगड्याला हळद आणि आम्लाची भोके, दोन्ही असतात. आई म्हणते, लग्न ठरायचे ते ठरत नाही, पण हळद मात्र रोज लागते.

मॅनेजरसाहेब माझे आकडे दोनदा तपासून घेतात. माझ्या जागी मुलगा असता तर एकदाच तपासले असते. असो.

आता कामाचे. उत्तरेच्या खड्ड्यांतला दगड वाईट आहे, शंभरात अकरा, बारा सिलिका. तो सोडून द्या. पण दक्षिण टोकाच्या सहा पिशव्या पाहून मी चाळणी खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून केले. शंभरात दोन. कंपनीकडे जिथून जिथून दगड येतो त्यात इतका चांगला कुठलाच नाही. मॅनेजरसाहेबांनी लगेच मुंबईला तार केली. पहिल्यांदाच त्यांनी माझा आकडा दुसऱ्यांदा तपासला नाही.

तुमच्या भावाची काळजी करू नका असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण त्यांच्यासाठी आपण दोघे काही करत आहोत असे मला हल्ली वाटते. राहीबाईंना नमस्कार.

उमा लिमये


माचीवाडी,
७ फेब्रुवारी १९४३

उमाताई,

माज्या पत्रात सायब सायब लिवलं त्येची माफी. आई लय हसली.

आता एक अडचन हाय ती तुमालाच इचारतो, कारन दुसरं कोन खरं सांगंल असं वाटत न्हाई. दक्षिन टोक म्हंजे आमच्या झऱ्याचा माथा. त्या टोकाच्या खाली कडा हाय, आन कड्याच्या पायथ्याला झरा. गावाला दुसरं पानी न्हाई. हीर खनली तर काळा पाषान लागतो. झरा आजपतूर चैत वैशाखात पन आटला न्हाई. त्येच्या खाली नदी हाय ती दीड कोस, आन वाट उभ्या उताराची.

मॅनेजर सायब परवा घोड्यावरनं आलं. धा फूट दगड काडायचा, लढाई सपली की खड्डा मातीनं भरून देऊ, असं तोंडी म्हनलं. गाव तयार न्हाई. सड्यावर धनगराचा वाडा हाय, तिथला बिराप्पा म्हातारा लय इरोध करतो. त्यो म्हनतो, "ह्यो दगुड चार म्हयनं पितो आन आठ म्हयनं पाजतो. त्यो नेला तर पाजायला कोन ऱ्हाईल?"

समदी माज्याकडं बगत्यात. ताई, तुमी दगडाच्या पोटातलं जानता. वरचा दगड काडला तर झरा थांबंल का? तुमी व्हय म्हनलात तर मी मॅनेजर सायबाला न्हाई म्हनून सांगतो, मग माजी मुकादमी गेली तरी चालंल.

जोतीराम


सांगली,
१२ फेब्रुवारी १९४३

जोतीरामभाऊ,

तुमचे पत्र आज आले, लगेच उत्तर देते. झऱ्याचे पाणी खोल खडकातून येते. वरचा दहा फूट दगड काढल्याने ते थांबत नाही. गावकऱ्यांना निर्धास्त करा. बिराप्पांचे म्हणणे जुन्या समजुतीचे असले तरी शास्त्राला धरून नाही.

हे पत्र तुम्ही गावात वाचून दाखवलेत तरी चालेल.

उमा लिमये


माचीवाडी,
२ मार्च १९४३

उमाताई,

तुमचं पत्र देवळाम्होरं वाचलं. दोनदा वाचलं. समदं गाव जमलं हुतं. शिकल्याल्या बाईच्या हातचा कागद म्हनून बायका पन पुढं येऊन बसल्या.

बिराप्पा एकटा उभा ऱ्हायला. म्हनला, "कागूद लिवनारीनं झरा बगितलाय का?" मी म्हनलं, दगडाची परीक्षा त्यांचं काम हाय, त्यास्नी बगाय लागत न्हाई. त्यो म्हनला, "मग मी कशाला बोलू," आन काठी घेऊन सड्यावर गेला.

मग आई उठली. ती अशी चारचौघांत बोलत न्हाई. म्हनली, "माज्या लेकाच्या डोक्यावर इमानाचं छप्पर हुनार असंल तर न्या दगड. दुसऱ्या आयांस्नी इचारा." दुसऱ्या नऊ आया कायबी बोलल्या न्हाईत. पन न्हाई पन म्हनल्या न्हाईत.

सोमवारपास्नं दक्षिन टोकाला पहारी लागल्या. चाळीस मानूस कामाला हाय. दगड गाडीनं घाट उतरून पाटनला, तितनं कोळशाच्या गॅसवर चालनारी लॉरी त्यो कऱ्हाडच्या टेशनात नेऊन वतती.

तुमचे उपकार.

जोतीराम


माचीवाडी,
२ ऑगस्ट १९४४

उमाताई,

वरीस दीड वरीस झालं, आपली निस्ती पिशव्यांसंगतीची चिठ्ठी चालली. मोठं पत्र लिवाय सवड झाली न्हाई. आज लिवाय कारन हाय.

लालासाहेबचं पत्र आलं. कुठं हाय ते लिवता येत न्हाई, पन त्येंची पलटन डोंगरात दुश्मनाच्या येढ्यात सापडली हुती. वाट बंद. खायाला न्हाई, प्यायला न्हाई. त्यो लिवतो, "दादा, मग वरनं आपली इमानं आली. छत्रीला बांदून पीठ टाकलं, डाळ टाकली, गोळ्या टाकल्या, आन पानी टाकलं. मी जवानांस्नी सांगितलं, ही इमानं आमच्या सड्याच्या दगडाची हायत. समद्यांनी मला उचलला."

ताई, ह्ये पत्र मी गावात किती येळा वाचलं ते मोजलं न्हाई. शेजारच्या वाडीची मानसं पन ऐकून गेली.

आई वैशाखात गेली. उतारावर पाय घसरला, कंबर मोडली, आठ दिस पडून हुती. म्हातारं मानूस. लालासाहेबचं पत्र तिला ऐकाय घावलं न्हाई, एवढंच वाईट वाटतं.

मागल्या चिठ्ठीत तुमी झऱ्याचं इचारलंत. बरा हाय.

एक इचारायचं हाय. आमचा गाडीवान नाथाजी सांगतो, कऱ्हाडच्या टेशनात दगडाचा ढीग वाढतच चाललाय. त्यो कवाबी गेला तरी ढीग तितंच. आगगाडीच्या वाघिनीत भरताना त्येनं कवा बगितलं न्हाई. मी त्याला म्हनलं, तू दिसा जातोस, भरत असतील दुसऱ्या वक्ताला. पन मनात आलं म्हनून इचारतो.

जोतीराम


सांगली,
१६ ऑगस्ट १९४४

जोतीरामभाऊ,

राहीबाई गेल्याचे वाचून फार वेळ हातात काम धरवले नाही. मी त्यांना कधी पाहिले नाही, तरी तुमच्या पत्रांतून त्या मला ओळखीच्या झाल्या होत्या. वय झाले की डोंगरातली वाट पायांना पेलत नाही. तुम्ही त्यांची सेवा केलीत, याचे समाधान माना. झरा बरा आहे हे वाचून मला किती बरे वाटले ते सांगता येत नाही.

नाथाजींनी पाहिले ते खरे, पण अर्थ वेगळा आहे. लष्कराच्या गाड्यांमुळे वाघिणी मिळतील तशा मिळतात. जुना माल जातो, नवा येऊन पडतो, म्हणून ढीग तेवढाच दिसतो.

लालासाहेबांना लिहा की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्या विमानांत तुमचा दगड होता.

उमा


माचीवाडी,
१४ ऑक्टोबर १९४५

उमाताई,

लढाई सपली. लालासाहेब जित्ता हाय, दिवाळीनंतर येईल. नवातली सहा पोरं येनार. तीन न्हाई.

मॅनेजर सायबानं दसऱ्याच्या आदी काम बंद केलं. पहारी, घमेली गोळा करून नेली. खड्डा भरून द्यायचं काय, म्हनून इचारलं तर म्हनलं, सांगलीला लिवा. म्हनून तुमाला लिवतो. खड्डा लांबीला दोन शेतं व्हईल, आन धा फूट न्हाई, कुठं कुठं पंधरा हाय. पावसात तितं तांबडं पानी साचतं, जनावरं पडत्यात.

पिशव्या पाठवायच्या न्हाईत, तवा चिठ्ठी पन येत न्हाई. खुशाली कळवावी.

जोतीराम


सांगली,
३ फेब्रुवारी १९४६

जोतीरामभाऊ,

तुमच्या ऑक्टोबरच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. काय लिहावे ते कळत नव्हते. आता कळते आहे, पण लिहिणे त्याहून कठीण झाले आहे.

कंपनी बंद झाली. जाण्यापूर्वी मॅनेजरसाहेबांनी मला कऱ्हाडला पाठवले, स्टेशनातल्या ढिगाचे माप घेऊन ये, कोणी गिऱ्हाईक आले तर दाखवायला हवे म्हणून. जानेवारीच्या बावीस तारखेला गेले. तुमचा सगळा दगड मी पहिल्यांदाच एका जागी पाहिला. स्टेशनच्या छपरापेक्षा उंच आहे. त्यावर टाकळा उगवून वाळला आहे, आणि शेळ्या चढतात.

नाथाजी तिथे गाडी घेऊन आले होते. मी सांगलीची, कंपनीची, एवढेच त्यांना कळले, नाव कळले नाही. मी विचारले, माचीवाडीचा झरा कसा आहे? ते म्हणाले, "कंचा झरा? त्यो आटून दोन वरसं झाली. दगड काडला त्या पावसात तांबडा झाला आन फागुनात गेला. समद्या बायका नदीवर जात्यात. मुकादमाची आई त्या उतारावरच भरल्या घागरीसकट पडली." मी खाली दगडावर बसले. त्यांनी मला पाणी आणून दिले. ते माझ्याने प्यायवले नाही.

तुम्ही मला "बरा हाय" एवढेच लिहिले होते. मला वाईट वाटू नये म्हणून लिहिले असणार. माझ्या खोटेपणाला तेवढेही कारण नाही.

चव्वेचाळीसच्या जुलैतच कारखान्याचे पत्र आले होते. त्यांना स्वतःच्या जवळच्या डोंगरात दगड मिळाला. कऱ्हाडहून रेल्वेने इतक्या लांब, मध्ये गाडी बदलून, आणणे त्यांना नको होते. चाचणीसाठी दोन वाघिणी गेल्या, त्याही उतरवून घेतल्या की नाही मला माहीत नाही. तरी कंपनी खणत राहिली, कारण जितका दगड निघाला असे कागदावर दाखवता येई तितके सरकारचे काम तिच्याकडे राही. आता जहाजे सुरू झाली आहेत आणि धातू पुन्हा बाहेरून येतो आहे. तुमच्या सड्याचा दगड कुठल्याही विमानात नव्हता. लालासाहेबांवर पाणी टाकणारी विमाने परदेशातून आली होती. तुमचे पत्र हातात घेऊन मी बसले आणि हे लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही.

आणि मूळ गोष्ट त्याच्याही आधीची. झरा थांबेल का, असे तुम्ही विचारलेत. मला माहीत नव्हते. मी दगडात काय आहे ते काढते, पाणी कुठून येते हे माझे शास्त्र नाही. मॅनेजरसाहेबांना विचारले, ते फायलीतून मान वर न करता म्हणाले, लिहा, काही होत नाही. त्यांचा माझ्या आकड्यांवर नुकता विश्वास बसू लागला होता. बाईला विचारले आणि बाई म्हणाली मला माहीत नाही, असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी मी ते उत्तर लिहिले. मागाहून पुण्याच्या एका जाणत्या गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, तो दगड सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी धरून ठेवतो, खाली चिकण माती असते तिच्यावरून ते हळूहळू झऱ्याला येते. बिराप्पांनी जे सांगितले होते, शब्दशः तेच.

सोबत वेगळ्या कागदावर सही करून लिहून दिले आहे की १२ फेब्रुवारी १९४३ चे माझे उत्तर चूक होते आणि ते मी न जाणता दिले होते. कलेक्टरांना दाखवा, गावाला दाखवा, कुणालाही दाखवा. खड्ड्याबद्दल मी स्वतः कलेक्टरांना नोव्हेंबरातच अर्ज केला होता. तोंडी वचनाला पुरावा नाही, असे उत्तर आले.

क्षमा मागत नाही. मागण्यासारखी ही गोष्ट नाही.

उमा


माचीवाडी,
२४ मार्च १९४६

उमाताई,

तुमचं पत्र दीड म्हयना माज्याजवळ हाय. गेल्या आठवड्यापतूर कुणाला दावलं न्हाई. आदी मला एक ठिकानी जाऊन यायचं हुतं.

तुमी समजता तुमाला वाईट वाटू नये म्हनून मी खोटं लिवलं. तसं न्हाई. आता तुमी समदं उगडं केलं, तर मी बी करतो.

आई गेली त्याच्या तेराव्याला मानसं देवळाम्होरं बसली हुती. कुनीतरी म्हनलं, "मुकादम, बाईच्या कागदात तर पानी थांबत न्हाई असं हुतं. मग थांबलं कशानं?" समदी माज्याकडं बगाय लागली. मला म्हनता आलं आसतं, कागद चुकीचा हुता, आन त्यो मी वाचला. म्हनलो न्हाई. गप ऱ्हायलो. मग दुसरा म्हनला, "थांबनार म्हनून एकच जन बोलला हुता. त्येनंच काय तरी केलं आसंल." मी तरी गप. त्या गप ऱ्हान्याचं त्येनी व्हय समजून घेतलं.

दुसऱ्या दिशी सकाळी पंदरा जन सड्यावर गेलं आन बिराप्पाचं छप्पर पाडलं. त्येची बायको भाकरी थापत हुती, ती तवा तसाच सोडून उठली. मेंढरं हाकलली. म्हाताऱ्याच्या पाठीत काठी बसली. मी खाली देवळापाशी हुतो. वरचा आरडा समदा ऐकाय येत हुता, माजा उजवा कान चांगला हाय. त्यो त्येच्या बापाच्या मुलखात, कवठे महांकाळकडं निगून गेला. गावात पुन्यांदा त्येचं नाव कुनी काडलं न्हाई. तुमाला बरा हाय म्हनून लिवलं, ते मी मलाच लिवलं.

लालासाहेब आला तवा त्येनं कोरडा झरा बगितला. मग म्हनला, "पानी गेलं तर गेलं दादा, माज्या वक्ताला इमान आलं. आईनं ज्यासाटी दिलं ते मला मिळालं." त्यो समद्यांस्नी तेच सांगायचा. नदीवरनं घागर आनताना बायका ते बोलून दावायच्या. त्या बोलन्यावर गाव चालला हुता.

तुमचं पत्र आलं आन मी पयला कवठे महांकाळला गेलो. दोन दिस हिंडलो. बिराप्पा एका मळेकऱ्याची मेंढरं राकताना घावला. सोताची एक पन ऱ्हायली न्हाई. बायको गेल्या साली गेली. मला वळकून बी उठला न्हाई. मी म्हनलं, "आवं बिराप्पातात्या, बाईनं लिवून दिलंय, तुमचंच खरं हुतं. वाचतो." त्यो म्हनला, "माजं खरं हुतं ते मला कशाला वाचतोस? मला ठावंच हुतं. ज्येला ठावं न्हाई त्येला वाच जा." मी म्हनलं, परत चला. त्यो म्हनला, "तितं प्यायला काय हाय?"

गेल्या बेस्तरवारी गावाला बोलवून तुमचं पत्र वाचलं. समदं वाचलं, येक शब्द गाळला न्हाई. ढीग, शेळ्या, दोन वाघिनी, समदं. मग माजं मी सांगितलं, बिराप्पाचं.  ज्या तीन घरांतली पोरं आली न्हाईत त्या घरच्या बायका पयल्या उठल्या. मग येकेक करून समदी.

लालासाहेब शेवटपतूर बसला. मला म्हनला, "मंग ती इमानं कुनाची हुती?" मी म्हनलं, परक्याची. त्यो म्हनला, "आन आई?"  त्यो काल बेळगावला गेला, पलटनीत पुन्यांदा नाव घालाय. वाटंला लावाय मी फाट्यापतूर गेलो.  त्यो मोटारीत चढला, मी पायरीच्या फळीवर पाय ठेवून उभा, तवा कंडाक्टरला म्हनला, "जरा थांबा, ह्येंचा पाय फळीवर हाय." दादा म्हनला न्हाई. ह्येंचा म्हनला.

तुमचा सहीचा कागद परत पाठवतो. ह्येचा इथं काय उपेग न्हाई. कलेक्टर बगनार न्हाई, आन गावानं ऐकला.

ताई, आता पत्र लिवू नका. ह्ये रागानं सांगत न्हाई. तुमीच येक मला खरं बोलला, उशिरानं का हुईना. पन सांगलीचं पाकीट आलं की पोस्टमन देवळापाशी माजं नाव घेऊन हाक मारतो. तितं पारावर बसल्याली मानसं ती हाक ऐकत्यात, आन कागद फोडायच्या आदीच उठून घरला जात्यात.

जोतीराम